फिरते घर व गावची वेस

पावसाळा सरला, आभाळ निवळले, नद्यांचा गढूळपणा खाली बसून तळचे खडक दिसू लागले, की प्रवासास निघावे, हा आपल्या देशातील फार जुना परिपाठ आहे. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचे ते याच कारणाने. चार महिने चिखलाने अडविलेली वाट या वेळी मोकळी होते. विहिरी भरलेल्या असतात, जनावरांस हिरवी वैरण मिळते, आणि दुपारची चार घटका उन्हे सोडली तर दिवस व रात्र दोन्ही सुसह्य असतात. राजांच्या स्वाऱ्या, व्यापाऱ्यांचे तांडे, यात्रेकरूंचे जथे हे सारे याच ऋतूची वाट पाहात असत. आजचा शहरातील गृहस्थ दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह मोटार बाहेर काढतो, तेव्हा तोही नकळत त्याच परिपाठास अनुसरत असतो.

अलीकडे या प्रवासात एका नव्या वाहनाची भर पडली आहे. ज्या मोटारीतच निजावयाचे, शिजवावयाचे, स्नान करावयाचे व बसून वाचावयाचे, अशी ही मोटार म्हणजे चाकांवरचे घरच होय. इंग्रजीतून आलेल्या शब्दाने तिला कोणी मोटारहोम म्हणतात, कोणी कॅरव्हॅन म्हणतात. युरोपात, त्यातही फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून, द्राक्षांच्या तोडणीच्या सुमारास अशा फिरत्या घरांतून हिंडण्याची मोठी आवड आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन-पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि त्यात अशा गाड्या व त्यांच्या मुक्कामाचे तळ या दोहोंचाही विचार केला. तेव्हा हे वाहन आज ना उद्या आपल्या खेड्यांच्या वेशीशी येऊन उभे राहणार, यात संशय नाही. ते आल्यावर गावाने त्याच्याकडे कसे पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत बसलेल्या मंडळींनी गावाकडे कसे पाहावे, याचा विचार आधी झालेला बरा.

हा विचार करण्यास वर्ध्याजवळच्या नालवाडीइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण. नालवाडी हे वर्धा शहरास लागून असलेले गाव. आज शहर वाढत वाढत त्याच्या अंगणात आले आहे. परंतु १९३२ च्या डिसेंबरात विनोबा भावे तेथे राहावयास गेले, त्या वेळी ते शहरापासून दोन मैलांवरचे, बहुतांशी हरिजन वस्तीचे एक लहान खेडे होते. धुळ्याच्या तुरुंगात गीतेवरील प्रवचने देऊन विनोबा त्याच वर्षी बाहेर आले होते. वर्ध्याचा आश्रम सोडून खेड्यात जाऊन राहावयाचे, आणि टकळीवर सूत कातून मिळेल तेवढ्या मजुरीत निर्वाह करून पाहावयाचा, असा त्यांचा प्रयोग येथे चालला. १९३४ साली ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. १९३५ साली नालवाडीस चर्मालय सुरू झाले आणि मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचा, लोकांनी हीन ठरविलेला उद्योग तेथे शास्त्रीय रीतीने शिकविला जाऊ लागला. जवळच्याच गोपुरीत जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस गोसेवेत, एका झोपडीत राहून काढले. अशा रीतीने घर किती लहान असले म्हणजे पुरते, आणि माणसाने आपल्या गरजांचे ओझे किती वाहावे, हा प्रश्न या भूमीवर फार गंभीरपणे विचारला गेलेला आहे.

याच वर्ध्याहून दोन थोर यात्रा निघाल्या, आणि दोन्ही शरद ऋतूच्या सुमारास निघाल्या. पहिली महात्मा गांधींची. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी त्यांनी वर्ध्याहून हरिजन-यात्रेस प्रारंभ केला. सुमारे नऊ महिने ती चालली; साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला आणि हरिजन-कार्यासाठी जवळ जवळ आठ लक्ष रुपये जमले. हा प्रवास बहुतेक आगगाडीने व मोटारीने झाला. परंतु १९३४ च्या मे महिन्यात ओरिसात पोहोचल्यावर गांधीजींनी मोटार सोडली आणि ते पायी चालू लागले. वेळेच्या हिशेबाने पाहिले तर हा तोटाच होता. जेथे दिवसास दहा गावे होत होती तेथे आता दोन होऊ लागली. पण धर्माच्या कार्यास निघालेल्या माणसाने धुरळा उडवीत गावातून निघून जाणे योग्य नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मोटारीतल्या माणसास गाव दिसते खरे. पण गावास मोटारीतला माणूस दिसत नाही, केवळ धुरळाच दिसतो.

दुसरी यात्रा विनोबांची. प्रकृती खालावल्यामुळे १९३८ साली विनोबा नालवाडी सोडून धाम नदीच्या काठी पवनारास राहावयास गेले. मोटारीतून धामचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व कार्यभार मनातून टाकल्याचा संकल्प केला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्याच पवनाराहून १९५१ च्या मार्चात ते पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास. तेथून पुढे तेलंगणात हिंडत असता १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावी हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली व रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो हाच. पवनारास परतल्यावर दिल्लीहून बोलावणे आले. नियोजन मंडळापुढे आपले विचार मांडण्यासाठी त्यांनी यावे, अशी पंडित नेहरूंची इच्छा होती. विनोबा गेले, पण विमानाने वा आगगाडीने गेले नाहीत. १२ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी पवनार सोडले आणि १३ नोव्हेंबरास ते दिल्लीस राजघाटावर पोहोचले. भाद्रपदात निघून कार्तिकात पोहोचलेली ही दोन महिन्यांची चाल. वाटेत २ ऑक्टोबरास सागर येथे त्यांनी देशाकडे पाच कोटी एकर भूमीची मागणी केली.

या यात्रेत विनोबांजवळ काय होते? पांघरूण, वाचावयाची पुस्तके, आणि सोबत थोडी माणसे. पहाटे प्रार्थना करून अंधारातच चालावयास लागावे, दहाबारा मैलांवरचे गाव गाठावे, गाव देईल त्या जागेत उतरावे, सायंकाळी गावकऱ्यांशी बोलावे आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा वाटेस लागावे, असा क्रम. छप्पर त्या गावचे, पाणी त्या गावचे, भाकरी त्या गावची. यामुळे प्रत्येक मुक्कामी गावाशी संबंध येणे अटळ होते. कोणत्या विहिरीचे पाणी कोणाला मिळते, कोणाच्या ओसरीवर कोण बसू शकतो, कोणाच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, हे सारे न विचारता कळत होते. कारण पाहुण्यास गावाची गरज होती. प्रवाशाचे परावलंबन हीच त्याची दृष्टी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

फिरत्या घराचा गुण याच्या अगदी उलट आहे. छप्पर स्वतःचे, पाणी टाकीत, धान्य कपाटात, दिवा विजेच्या साठ्यावर. कोणाचे उपकार नकोत, कोणाची ओसरी नको. गृहिणीस परक्या चुलीची अडचण नाही; लहान मुलास परक्या अंथरुणाचा त्रास नाही; वृद्ध आईवडिलांसही शौचाच्या अडचणीमुळे घरी ठेवून यावे लागत नाही. ही सोय लहान नव्हे. खेड्यात मुक्काम करावयाचा म्हटला की आमच्या शहरी कुटुंबांच्या स्त्रिया ज्या एका गोष्टीस भितात, ती गोष्ट या वाहनाने मिटविली आहे. पण सोयीबरोबर धोका येतो तो असा की, गावाची गरजच उरली नाही म्हणजे गावाची ओळखही राहात नाही. चार खेड्यांत चार रात्री काढूनही एखादे कुटुंब त्या खेड्यांतील एकाही माणसाशी चार वाक्ये न बोलता परत येऊ शकते. त्याने पाहिलेली खेडी व खिडकीच्या काचेवर चिकटविलेली चित्रे यांत मग फारसा भेद नाही.

तेव्हा मोटार टाकून द्यावी काय? तसे कोणी म्हणणार नाही. विनोबांनीही पुढे १९६५ पासून बिहारातील तुफान-यात्रेत वयोमानामुळे वाहनाचा उपयोग केला. दोष वाहनात नाही. वाहनामुळे जे संबंध आपोआप तुटतात ते प्रवाशाने बुद्ध्या पुन्हा जोडले पाहिजेत, एवढाच याचा अर्थ. हे कसे साधावे याचे एक जुने व एक नवे उदाहरण फ्रान्समध्येच सापडते.

जुने उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश ग्रंथकाराचे. १८७८ च्या सप्टेंबरअखेरीस हा तरुण दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन या डोंगराळ मुलखात एका गाढवीसह पायी निघाला. रात्री उघड्यावर निजता यावे म्हणून त्याने एक मोठी थैली शिवून घेतली होती. दिवसा तीत सामान भरावे व रात्री तीतच शिरून झोपावे, अशी ती युक्ती होती. त्या काळचे फिरते घरच ते. बारा दिवसांत सुमारे एकशेवीस मैलांची ही यात्रा झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे वर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील एक प्रसंग मनात ठेवण्याजोगा आहे. पाइन वृक्षांच्या राईत त्याने एक रात्र काढली. भाडे मागणारा तेथे कोणीच नव्हता. तरी सकाळी निघताना आपण कोणाचे तरी ऋणी आहो, असे त्याला वाटले आणि वाटेवरच्या हिरवळीवर तो नाणी टाकीत गेला. तो त्या रात्रीच्या निवाऱ्याचा मोबदला होता. कृती थोडी विनोदाचीच. पण तिच्या मुळाशी असलेली भावना खरी आहे. ज्या जागी रात्र काढली त्या जागेचे देणे लागते.

नवे उदाहरण आजच्या फिरत्या घरांचे. फ्रेंच लोक या वाहनास कॅम्पिंग-कार म्हणतात. तेथील पुष्कळ लहान गावांनी अशा गाड्यांसाठी ठराविक तळ राखले आहेत. तेथे ताजे पाणी भरता येते आणि सांडपाणी व मैला योग्य जागी सोडता येतो. याशिवाय १९९३ पासून फ्रान्स पासियाँ या नावाची एक व्यवस्था चालते. तीत द्राक्षमळेवाले, पनीर करणारे, मध काढणारे शेतकरी आपल्या आवारात अशा गाडीस एक दिवस व एक रात्र विनामूल्य जागा देतात. काही विकत घेतलेच पाहिजे, अशी सक्ती नसते. मात्र गाडीत स्वतःची सर्व सोय असली पाहिजे; आल्याबरोबर यजमानास भेटावे व निघताना निरोप घ्यावा, अशी अपेक्षा असते. या साध्या रीतीने काय साधते ते पाहण्यासारखे आहे. प्रवाशास बंद दार उघडून बाहेर यावे लागते. यजमानाशी बोलणे होते. यंदा द्राक्षे कशी आली, तोडणीस मजूर मिळाले की नाही, हे कळते. आणि बहुधा जाताना एखादी बाटली वा पनीराचा तुकडा बरोबर घेतला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी, डोंगराळ भागात चेस्टनटची वेचणी, रानात अळंब्यांचा शोध, आणि १ नोव्हेंबरास आपापल्या मृतांच्या थडग्यांवर शेवंतीची फुले वाहण्याचा सण, असा तेथील शरद ऋतू. त्या सर्वांचे मर्म रस्त्यावरून दिसत नाही; यजमानाच्या आवारातच ते कळते.

आता हे सारे वर्धा जिल्ह्यास लावून पाहू. एखादे कुटुंब असे वाहन घेऊन आश्विनात या भागात आले, तर गावाच्या तीन गोष्टींशी त्याचा संबंध येतो: जागा, पाणी व घाण. या तीन गोष्टी म्हणजे प्रवाशाची तीन देणी होत.

पहिले देणे जागेचे. शहरात रस्त्याकडेची मोकळी जागा कोणाचीच नसते, असे समजण्याची सवय लागते. खेड्यात मोकळी दिसणारी प्रत्येक जागा कोणाची तरी असते. ती खळ्याची असते, गुरे बसण्याची असते, देवाची असते वा कोणाच्या तरी शेताकडे जाणारी पांदण असते. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत पांदणीच्या तोंडाशी एक मोठी गाडी आडवी उभी राहिली तर मागे मळणीयंत्र अडून बसते आणि दिवसभराची मजुरी बुडते. तेव्हा सूर्य मावळण्यापूर्वी गावात पोहोचावे, सरपंच, पोलीस पाटील किंवा जागेचा धनी यांस भेटून विचारावे व दाखवतील तेथेच उभे राहावे. यात निसर्गाचीही अडचण लक्षात घ्यावयाची असते. वऱ्हाडची काळी, कपाशीची जमीन वरून सुकलेली दिसली तरी आत ओल धरून असते. बैलांची बंडी तीवरून जाईल. साडेतीन टनांचे घर मात्र चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतेल, आणि मग तेच बैल आणून ते ओढून काढावे लागेल. शिवाय या गाडीची उंची दहा फुटांच्या आसपास असते. शेतावरून गेलेल्या विजेच्या लोंबत्या तारा व बाभळीच्या फांद्या आधी खाली उतरून पाहिल्या पाहिजेत. वाळलेल्या गवतावर तापलेली मोटार उभी करू नये. कापणीच्या दिवसांत एका ठिणगीचे काय होते, हे शेतकऱ्यास विचारावे. बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तो २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे मनास येईल त्या झाडाखाली रात्र काढता येत नाही.

दुसरे देणे पाण्याचे. अशा गाडीतील टाकी साधारणपणे शंभर लिटरांची असते. चार माणसांच्या वाट्यास दरडोई पंचवीस लिटर आले. त्यातच पिणे, शिजविणे, भांडी व स्नान. नळाखाली शंभर लिटर एकट्याच्या स्नानास उडविणाऱ्या शहरी कुटुंबास हा हिशेब पहिल्या दिवशी जड जातो. तिसऱ्या दिवशी तोच उपयुक्त शिक्षण ठरतो. खेड्यात दुरून पाणी आणणारी बाई हाच हिशेब आयुष्यभर करीत असते, हे तेव्हा ध्यानात येते. शरदात विहिरी भरलेल्या असल्या तरी त्या पाण्यावर रब्बीचा गहू व हरभरा उभा राहावयाचा असतो. म्हणून पाणी मागून घ्यावे, मोजून घ्यावे, आणि पंपाने उपसलेले असेल तर त्याचा खर्च विचारावा. शेतकरी पैसे घेणार नाही, हे बहुधा ठरलेलेच. पण विचारणाऱ्यास व न विचारणाऱ्यास तो एकच समजत नाही.

तिसरे देणे घाणीचे, आणि हेच सर्वांत मोठे. फिरत्या घरात दोन प्रकारची घाण साचते. एक स्नानाचे व भांड्यांचे साबणमिश्रित पाणी; दुसरी शौचकुपीतील. दुसऱ्या प्रकारात दुर्गंध मारण्यासाठी पुष्कळदा रासायनिक द्रव घातलेले असते. ते विहिरीच्या वा ओढ्याच्या आसपास ओतल्यास पाणी दूषित होते, आणि गावच्या शौचखड्ड्यात टाकल्यास मैला कुजविणारे जीवजंतू मरून खड्डाच निकामी होतो. अंधारात नाल्याकाठी कुपी रिकामी करून पहाटे निघून जाणे सोपे असते. कोणी पाहात नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या नाल्यावर गुरे पाणी पितात. येथे नालवाडी-पवनारची स्मृती फार उपयोगी पडते. पवनारास असता विनोबा जवळच्या सुरगावास रोज फावडे घेऊन पायी जात व तेथील मैला उचलून साफ करीत. हा क्रम कित्येक महिने चालला होता. दुसऱ्याची घाण उचलण्यासाठी जेथे एक विद्वान पुरुष रोज मैलोगणती चालला, त्याच मुलखात आपली घाण दुसऱ्याच्या दारी टाकून जाणारा पाहुणा कोणत्या तोंडाने पर्यटक म्हणवून घेईल? ज्याच्या गाडीत स्वतःची घाण शहरापर्यंत परत नेण्याची सोय आहे व ती नेण्याची तयारीही आहे, त्यानेच खेड्यात रात्रीचा मुक्काम करावा, हा नियम कोणी लिहून देण्याची वाट पाहू नये.

ही तीन देणी चुकती करण्याची ज्याची तयारी आहे, त्याला हा जिल्हा शरदात काय दाखवील? नालवाडी-गोपुरीच्या परिसरात गीताई मंदिर आहे. विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय तेथे शिळांवर कोरून त्या शिळांचीच भिंत केली आहे. वर छप्पर नाही. फिरते घर घेऊन आलेल्या माणसाने हे बिनछपराचे घर आधी पाहावे. पवनारास धामच्या पात्रातील काळ्या खडकांवर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले; काठावर विनोबांनी १९५९ साली स्थापिलेले ब्रह्मविद्या मंदिर आहे. सेवाग्रामास आदिनिवास व बापू-कुटी पाहताना एक गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास गेले, तेव्हा आपल्या घरास शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये व माल जवळपासचाच असावा, अशी त्यांची अट होती. खर्च अटीत बसविणे बांधणारांस कठीणच गेले. पण मातीच्या त्या भिंती अजून उभ्या आहेत. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ सालचे. खेड्यांतील उद्योगांचा संसार तेथे एका छपराखाली मांडलेला आहे. नागपूरच्या वाटेवर केळझरचा गणपती आहे, आणि तिकडे आष्टीस १९४२ च्या ऑगस्टातील हुतात्म्यांचे स्मरण आहे.

परंतु या स्थळांहून अधिक काही शरदात रस्त्याच्या दोहो बाजूंस चाललेले असते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि डब्यातील खिरापत ओळखावयास लावतात. वाहनातील मुलीस त्या घोळक्यात बसू द्यावे. खिरापत ओळखता आली नाही तरी ओळख होते. दिवाळीच्या पाडव्यास गोवारी गुराखी गाईंना सजवून गायगोधन साजरे करतात. कपाशीची बोंडे फुटली की पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात आणि मगच ओटीत कापूस वेचू लागतात. फ्रान्समध्ये जे द्राक्षांच्या तोडणीचे तेच येथे या वेचणीचे. फरक एवढाच की, द्राक्षांच्या तोडणीचे वर्णन पुस्तकांतून जगभर गेले. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना बोंडाची टोके कशी बोचतात, हे अंगावर सुती कपडा घालणाऱ्यांपैकीही फार थोड्यांस ठाऊक असते. एक सकाळ धुऱ्यावर उभे राहून, आणि परवानगी मिळाल्यास स्वतः चार बोंडे वेचून, एवढे ज्ञान मिळविता येते. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली भोजनाची रीत आहे, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे व वांग्याची भाजी हे वऱ्हाडी वनभोजन तर प्रसिद्धच आहे. गाडीत उत्तम शेगडी असली तरी एक दिवस ती पेटवू नये. धान्य द्यावे, लाकूडफाट्याचे पैसे द्यावेत आणि गावच्या पंगतीस बसावे. त्या दिवशी कुटुंबास जे कळेल ते शेगडीवर शिजणारे नव्हे.

आणखी एक सूचना वेळेविषयी. वाहन चालू शकते म्हणून ते रोज चालविलेच पाहिजे असे नाही. विनोबा दिवसास दहाबारा मैल चालत आणि तेवढ्याने त्यांनी देशाची नाडी ओळखली. बैलगाडीचा प्रवासही दिवसास फार तर दहाबारा मैलांचाच होता. ज्यांच्या हाती तासास पन्नास मैल जाणारे घर आहे, त्यांनी चार दिवसांत आठही तालुके गाठण्याचा हव्यास धरू नये. एका गावी दोन रात्री राहावे. पहिल्या रात्री गाव पाहुण्याकडे पाहते. दुसऱ्या रात्री पाहुण्याशी बोलते.

कोणी म्हणेल, सुटीच्या चार दिवसांत एवढा विचार कोणी करावा? मौजेस निघालेल्या माणसावर ऋणांचे हे ओझे कशाला? पण हे ओझे नाही, हीच मौज आहे. नुसते पाहावयाचे असेल तर घरबसल्या पडद्यावर जगातील सर्व खेडी दिसतात. प्रत्यक्ष जावयाचे ते भेटण्यासाठी. आणि भेट म्हटली की देणेघेणे आलेच. गावानेही एवढे करावे की, वेशीशी एक सपाट, पाण्याचा निचरा होणारी जागा राखून ठेवावी, ती पाहुण्यास दाखवावी आणि तिचे माफक शुल्क ग्रामपंचायतीत घ्यावे. ज्या गावास पाहुण्याकडून काही मिळते ते गाव त्याला ओझे मानीत नाही. आणि जो पाहुणा काही देतो त्याला गावात मान वर करून हिंडता येते.

वर्ध्याच्या मातीने छपरावाचून निघालेला यात्रेकरू पाहिला आणि त्याच्या झोळीत भूमी पडलेली पाहिली. आता तीच माती छप्पर बरोबर घेऊन येणारा यात्रेकरू पाहील. त्याच्यापाशी सर्व काही असेल. त्याने एक गोष्ट मात्र आपल्या गाडीत भरून आणू नये, ती गावाकडेच मागावी. ती म्हणजे मुक्कामाची परवानगी. ती मागण्यास त्याला दार उघडून खाली उतरावे लागेल, दहा पावले चालावे लागेल आणि एका अनोळखी माणसास रामराम घालावा लागेल. त्या दहा पावलांत त्याची खरी यात्रा सुरू होते.